दादा स्टेजवर कृपेची गाणी म्हणतो आणि माझा गळाच बंद होतो

वाचकाचं पत्र:

ताई, मी इंदूरची, चर्चच्या कॉयरमध्ये कॉलेजपासून गातेय. बाबा गेल्यावर मोठ्या भावाने 'बँकेचं काम आहे' सांगून आईच्या सह्या घेतल्या, सुदामानगरच्या घरावर लोन काढलं आणि धंद्यात घातलं. धंदा बुडाला, घर विकावं लागलं, दादा पुण्याला निघून गेला. आई तेव्हापासून माझ्याकडे भाड्याच्या घरात. आता दादा परत आलाय, म्हणतो मला प्रभू भेटला, आणि रविवारी वर्शिप लीड करतो. डोळे मिटून कृपेची गाणी म्हणतो, रडतो, लोक पण रडतात. मला ते नाटक वाटतं. साक्ष देताना, म्हणजे देव कसा भेटला ते चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगताना, म्हणतो की माझं सगळं जुनं पुसलं गेलं. आईला आणि मला आजपर्यंत एका शब्दाने सॉरी म्हणालेला नाही. आत्या म्हणते, प्रभूने माफ केलं तर तू कोण अडवणारी. आता ईस्टरला आम्हा दोघांना ड्युएट सांगितलंय, कृपेवरचंच. ह्या गाण्यांमधली कृपा म्हणजे नक्की काय? कोणाचंही घर बुडवा आणि गात बसा? मी माफ करायलाच पाहिजे का? नाही गायले तर पाप लागेल का? नाव देऊ नका प्लीज.

उत्तर:

अगं, पहिले तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचशील. ड्युएट नाही गायलं म्हणून पाप वगैरे काही लागत नाही. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात येशूचं जे सांगणं आहे ते तुमच्या चर्चमध्ये निम्म्या लोकांना पाठ असेल, की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन अर्पण दे. आता हे कोणाला सांगितलंय बघ. ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे त्याला, म्हणजे इथे दादाला. आणि गाणं पण अर्पणच ना, आपण प्रार्थनेत तसंच म्हणतो. मग गिटार खाली ठेवून उठायचं कोणी? आत्याने हे त्याला ऐकवायला हवं होतं, ती तुला ऐकवत बसलीये, आणि खरं सांगू, पत्र वाचताना मला दादापेक्षा जास्त राग ह्याचा आला, की ज्याचं गेलं त्यालाच सगळे समजवायला येतात, कारण ते ऐकून घेणारं असतं.

आता कृपेचं. कृपा म्हणजे जे आपण कमावलेलं नाही, कमावू पण शकत नाही, ते देवाने आपणहून देणं. ख्रिस्ती भक्तिगीतांमधला केवढा तरी भाग ह्या एकाच गोष्टीभोवती फिरतो, मग ती जुनी इंग्रजी हिम्स असोत, आईच्या 'उपासना संगीत' ह्या गीतसंग्रहातली पदं असोत नाहीतर स्क्रीनवर लिरिक्स लावून म्हणतात ती हिंदी वर्शिपची गाणी. ह्यात मला काहीही कमी करायचं नाहीये. दादाने जे केलं ते केल्यावरही देव त्याला जवळ घेऊ शकतो, आणि घर परत मिळवून दिल्यावर वगैरे नाही, आत्ता, आहे तसा. तुला हे कडू लागेल, पण हे खरं नसेल तर मग ती कृपा कसली, तो पगार झाला, आणि पगारावर हिशोब सुरू झाला की तू आणि मी पण त्याच रांगेत उभ्या आहोत. म्हणून त्याचं रडणं खरं की नाटक ह्या चौकशीत तू पडूच नकोस. इथे बसून मला कळणार नाही आणि कॉयरमध्ये त्याच्या पाठीमागे उभं राहून तुलाही कळणार नाही. समज की ते शंभर टक्के खरं आहे. तरीसुद्धा तुझा प्रश्न आहे तिथेच राहतो, कारण तुझा प्रश्न त्याच्या आणि देवाच्या मधला नाहीचे, त्याच्या आणि आईच्या मधला आहे.

ह्याच गाण्यांच्या इतिहासातलं एक उदाहरण देते. अमेझिंग ग्रेस तुम्ही कधी ना कधी म्हटलंच असेल. ते लिहिणारा जॉन न्यूटन हा गुलामांच्या जहाजांवरचा माणूस. लोक गोष्ट कशी सांगतात, की समुद्रात वादळ आलं, तो घाबरला, देवाला हाक मारली, वाचला, धंदा सोडला आणि गाणं लिहिलं. संडे स्कूलमध्ये पाच मिनिटांत सांगून होते आणि मुलांना आवडते पण. झालं तसं नव्हतं. वादळ १७४८ चं. त्यानंतर हा माणूस बायबल वाचत होता, प्रार्थना करत होता आणि त्याच काळात गुलामांच्या जहाजाचा कप्तान म्हणून आफ्रिकेतून माणसं भरून नेत होता, एकदा नाही, सफरीमागून सफर. १७५४ मध्ये समुद्र सुटला तो तब्येतीमुळे, त्या धंद्याची शिसारी आली म्हणून सुटला असं काही नाही. १७६४ मध्ये तो पाळक, म्हणजे चर्चचा पास्टर, झाला. गाणं लिहिलं १७७३ च्या १ जानेवारीच्या उपासनेसाठी, छापलं गेलं १७७९ मध्ये. आणि त्या गाण्यात 'मी' आहे, देव आहे, मी हरवलो होतो आणि सापडलो असं आहे, पण ज्यांना साखळ्या घालून नेलं ती माणसं त्यात कुठेच नाहीत. एका ओळीत पण नाहीत. त्यांच्याबद्दल तो जाहीरपणे बोलला १७८८ मध्ये, म्हणजे गाण्यानंतर १५ वर्षांनी. गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका लिहिली, त्यात ह्या धंद्यात माझाही हात होता हे कबूल केलं, ह्याची शरम आपल्याला कायम राहील म्हणाला, आणि झालेलं दुःख भरून काढायला ही कबुली फार उशिरा येतेय हेही त्याने स्वतःच लिहिलं. मग पार्लमेंटच्या कमिटीपुढे जाऊन जहाजांवर काय चालतं ते सांगितलं. १८०७ मध्ये ब्रिटनने तो व्यापार बंद करणारा कायदा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला.

मग गाणं खोटं होतं का? मला नाही वाटत. १७७३ मध्ये त्याला जे कळलं होतं ते खरंच होतं, फक्त तेव्हा तेवढंच कळलं होतं, बाकीचं कळायला आणि लोकांसमोर तोंडाने सांगायला त्याला १५ वर्षं लागली. तुझा दादा सध्या गाण्यापर्यंत आलाय. १७८८ पर्यंत यायचाय अजून. आणि तोपर्यंत आईने भाड्याच्या घरात गप्प बसावं असं कुठल्याच गाण्यात लिहिलेलं नाही.

थोडा दोष गाण्यांचा पण आहे, हे म्हटलं तर काही जणांना आवडणार नाही. एकच ओळ वीस वेळा म्हणतात ह्याला मी दोष देत नाहीये, तो उगीचचा आरोप आहे, बायबलमधलं स्तोत्र १३६ बघ, २६ ओव्या आणि प्रत्येकीच्या शेवटी तेच धृपद. दोष वेगळा आहे, आपण गाणं घेतो आणि त्याच्या मागची गोष्ट सोडून देतो. पश्चात्तापाच्या गाण्यांचं मूळ म्हणजे स्तोत्र ५१, दावीद राजाचं. त्याने बथशेबाला घेतलं आणि तिच्या नवऱ्याला, उरियाला, लढाईत मुद्दाम पुढे ठेवून मारवलं. मग नाथान संदेष्टा येऊन तोंडावर बोलला, तेव्हाचं हे स्तोत्र. त्यात एक ओळ आहे की मी तुझ्याविरुद्धच, फक्त तुझ्याविरुद्ध पाप केलं. वाचताना मी दरवेळी इथे अडते. फक्त देवाविरुद्ध? आणि उरिया? जाणकार सांगतात की कोणाही माणसाचं वाईट केलं की ते शेवटी देवाचंच वाईट केल्यासारखं आहे, दावीद तेच म्हणतोय, आणि ते मला पटतं पण. पण ही एवढी ओळ उचलून तिचं गाणं केलं तर ऐकणाऱ्याला वाटतं की देवाशी मिटलं म्हणजे मिटलं. बायबलच्या 'दुसरे शमुवेल' ह्या पुस्तकात पुढची सगळी गोष्ट आहे ना, नाथान म्हणतो देवाने तुझं पाप दूर केलं आणि त्याच दमात सांगतो की आता तुझ्या घरात काय काय होणार. माफी पण मिळाली आणि जे भोगायचं ते चुकलं पण नाही, दोन्ही एकाच परिच्छेदात.

उधळ्या पुत्राचं पण तसंच, येशूच्या गोष्टीतला तो धाकटा मुलगा, जो बापाकडून वाटा घेऊन उडवतो आणि कंगाल होऊन घरी परत येतो. त्याच्यावर गाणी किती आहेत, बाप धावत येतो, मिठी मारतो, अंगठी, झगा, मेजवानी, सगळं येतं, आणि ते यायलाच पाहिजे, लूक १५ चा जीवच तो आहे. पण त्या मुलाने डुकरांमध्ये बसून एक वाक्य मनात जुळवलं होतं आणि घरी येऊन बापासमोर उभं राहून ते म्हटलं, की मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलंय. तुमच्याविरुद्ध. ज्याचं नुकसान केलं त्याच्यासमोर. तुझ्या दादाच्या साक्षीत हाच अर्धा भाग गायब आहे, आणि तुझा गळा तिथेच बंद होतोय, तुला ते नीट शब्दात पकडता आलं नसेल एवढंच. ह्यात तुझी श्रद्धा कमी पडतेय असं मला अजिबात वाटत नाही. उलट तू कॉयरमधली अशी एक आहेस जी गाण्याचे शब्द सीरियसली घेतेय.

हां, आत्या किंवा दुसरं कोणी तुला त्या गोष्टीतला थोरला भाऊ म्हणेल, जो रुसून बाहेर बसतो. म्हणू दे. बाप त्याच्यासाठी पण बाहेर आला होता, त्याची समजूत घालत होता, हे त्यांना वाचून दाखव.

जक्कयचं तर सगळ्यांना माहितीच आहे, जकातदारांचा मुख्य, लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी आधी गेला, पैसे परत कर मग येतो असं म्हणाला नाही, ही कृपा. पण मग तो माणूस स्वतःच उभा राहिला आणि म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. कृपा घरात आली आणि तिने तिजोरी उघडायला लावली. दादाला चौपट कोणी मागत नाहीये.

आता तुझ्या माफ करण्याचं, जे मला वाटतं तुला सगळ्यात जास्त टोचतंय. लोक मत्तय १८ काढतात, तो चाकर ज्याला राजाने दहा हजार तलांत माफ केले आणि ज्याने आपल्या सोबत्याला शंभर दीनारांसाठी गळा धरून तुरुंगात टाकलं. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एक तलांत साधारण ६,००० दीनारांचा, म्हणजे राजाने जे सोडलं ते ६ कोटी दिवसांची मजुरी झाली, कोणाच्या सात पिढ्यांनी फिटणार नाही असं कर्ज. त्याच्यापुढे शंभर दीनार काहीच नाहीत, हे प्रवचनात नेहमी सांगतात. पण शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांच्या वरची कमाई गं, मजुराच्या घराला ते थोडे असतात का? येशूने मुद्दामच चार आण्यांचं कर्ज घेतलं नाही असं मला वाटतं. तुझं नुकसान खरं आहे, मोठं आहे, हे मान्य करूनच माफीची गोष्ट सुरू होते. 'जाऊ दे, काही झालं नाही' म्हणणं ही माफी नाही, काही झालंच नसेल तर माफ काय करायचंय.

आणि माफ करायचं म्हणजे काय करायचं, तर त्याचं वाईट व्हावं ही इच्छा सोडायची, बदला घ्यायचा नाही, त्याच्यासाठी प्रार्थना करता येईल एवढं मन मोकळं ठेवायचं. हे तू एकटी करू शकतेस, त्याने सॉरी म्हणायची वाट न बघता, आणि करावंस असं मी म्हणेन, कारण राग सांभाळत बसण्यात तुझीच वर्षं जातात. एका दिवसात नाही होणार, आज झालं वाटेल आणि रविवारी गिटार ऐकली की परत वर येईल, तरी हरकत नाही. पण परत विश्वास टाकणं, एकत्र गाणं, पैशाचे व्यवहार करणं, ह्याला समेट म्हणतात आणि त्याला दोघं लागतात. तो तू एकटीने करू शकत नाहीस आणि कोणी तुझ्याकडून करवून पण घेऊ शकत नाही.

अजून एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. घर आईचं होतं. रेव्हरंड टिळक, म्हणजे नारायण वामन टिळक, ज्यांनी मराठी मंडळीला, म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाला, अभंग आणि भजनं दिली, ते म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, म्हणून तुकोबांची गोष्ट इथे सांगायला मला संकोच नाही. घरात सावकारी होती, लोकांची कर्जखतं होती. विरक्ती आल्यावर तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवली हे सगळे सांगतात, पण पूर्ण गोष्ट अशी सांगतात की आधी वाटणी केली, अर्धी खतं भावाला, कान्होबाला, दिली आणि स्वतःच्या वाट्याची तेवढी बुडवली. भावाच्या वाट्याचं सोडायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्यांनी बघितलं. तुझ्या वाट्याचं तू सोड, कधी सोडायचं ते तू ठरव. आईच्या वाट्याचं तू नाही सोडू शकत, आत्या नाही, पास्टर पण नाही. तिला कोणी विचारलंय का अजून?

गाण्याचं म्हणशील तर कृपेच्या गाण्यात सध्या आवाज निघत नसेल तर गप्प उभी राहा, ओठ हलवायची पण गरज नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश रडगाणी, तक्रारीची, देवा कुठे आहेस अशी आहेत. आपल्या रविवारच्या लिस्टमध्ये ती येत नाहीत ही वर्शिप टीम्सची मोठी उणीव आहे, आनंदाचं आणि विजयाचंच सगळं घेतात. तू घरी स्तोत्र ५५ काढ. त्यात तो म्हणतो की शत्रूने हे केलं असतं तर सोसलं असतं, पण हे तर तू केलंस, माझा जिवलग, ज्याच्याबरोबर आम्ही देवाच्या घरात घोळक्याने जायचो. हे पवित्र शास्त्रात आहे, उपासनेत म्हणायला म्हणून आहे. आईबरोबर वाच, पेटी असेल घरात तर चाल लाव. हे पण वर्शिपच आहे.

आता करायचं काय. ड्युएटला आत्ताच नाही म्हण, कॉयर लीडरला फोनवर, मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस नाहीतर तो स्क्रीनशॉट फिरत बसेल. कारण मोठं द्यायचं नाही, 'दादाच्या आणि आमच्या घरात एक गोष्ट अजून मिटलेली नाही, ती मिटेपर्यंत मी त्याच्याबरोबर स्टेजवर गाणार नाही, कॉयरमध्ये गाईन' एवढंच. मग दादाला एकट्याला भेट, मत्तय १८ मध्ये हाच क्रम आहे, आधी दोघंच, नाही ऐकलं तर एकदोन जणांना घेऊन, मग मंडळीपुढे. चर्चच्या कंपाउंडमध्ये नको, खाऊगल्लीत, म्हणजे सराफ्यात नाहीतर छप्पनवर, पण नको, तिथे निम्मं चर्च भेटतं. त्याला 'सॉरी म्हण' असं म्हणू नकोस, तो पटकन म्हणून टाकेल आणि विषय संपवेल. त्याला सांग की आईसमोर बसून सह्या कशा घेतल्या ते स्वतःच्या तोंडाने सांग, आणि दर महिन्याला आईच्या भाड्यात किती देऊ शकतोस ते सांग, दोन हजार तर दोन हजार, पण आकडा आणि तारीख. आणि साक्ष देशील तेव्हा जुनं पुसलं गेलं म्हणण्याआधी ते जुनं काय होतं, कोणाचं घर होतं, हे पण सांग. तो खरंच बदलला असेल तर ह्याने त्याचं काही बिघडणार नाही, मला तर वाटतं त्याचं स्वतःचं गाणं सुटेल. चिडला, ओरडला, तर तू उठून ये.

सह्या फसवून घेतल्या असतील तर पेपर घेऊन एकदा वकिलालाही विचारून ठेव. माफ करणं आणि कायदा विचारणं ह्यात भांडण नाही, कोणी काही म्हणो.

दुसऱ्या पायरीवर पास्टरकडे जावं लागलं तर प्रॅक्टिसच्या दिवशी नको, वेगळी वेळ माग, बरोबर आत्याला नको, दोन्ही बाजूंचं नसलेलं एखादं वयस्क माणूस घे. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी आईला विचार की तिला काय हवंय, आणि ती दादासमोर बसायला तयार आहे का. ती नाही म्हणाली तर तिच्यावर पण जबरदस्ती करायची नाही, आणि मग ईस्टरनंतर मला परत लिही, तिथून पुढे काय ते बघू.